अपडेट आलंय, रीस्टार्ट राहिलाय

२०१९ च्या मार्चमध्ये गूगलच्या क्रोम या ब्राउझरच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या जस्टिन शू यांनी ट्विटरवरून लोकांना अक्षरशः विनवलं होतं : क्रोम अपडेट करा, आत्ता, या मिनिटाला. क्रोममध्ये एक भोक, म्हणजे चोराला आत शिरता येईल अशी कोडमधली चूक, सापडलं होतं आणि ते वापरून हल्ले सुरूही झाले होते. दुरुस्ती १ मार्चलाच निघाली होती. बऱ्याच जणांच्या संगणकावर ती आपोआप उतरलीही होती. मग एवढी विनवणी कशासाठी? शू यांनी कारणही सांगितलं. क्रोमवरचे त्याआधीचे असे हल्ले वेबपानांवरचे व्हिडिओ आणि गेम चालवणाऱ्या फ्लॅश प्लेयरच्या वाटेनं आले होते, आणि फ्लॅश हा वेगळा भाग असल्यामुळे ब्राउझर चालू असतानाच तो गुपचूप बदलता यायचा. या वेळी भोक खुद्द क्रोमच्या कोडमध्ये होतं. ते बुजवायचं तर ब्राउझर एकदा बंद करून परत उघडावा लागणार होता. ते काम गूगलच्या हातात नव्हतं. ज्याच्या पुढ्यात संगणक, त्यानंच ते करायचं होतं.

ब्राउझर अपडेट ठेवा, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण अपडेट उतरणं वेगळं आणि लागू होणं वेगळं. या दोहोंच्या मधे जो काळ जातो त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मी कराडच्या आसपास छोट्या कार्यालयांचे संगणक सांभाळते. पतसंस्था, एका सीएंचं ऑफिस, एक सार्वजनिक वाचनालय, दाखले काढून देणारी केंद्रं. तिथे मला रोज दिसतो तो हाच मधला काळ.

आत काय होतं ते थोडक्यात सांगते. चालू असलेला प्रोग्रॅम संगणकाच्या मेमरीत असतो. ब्राउझर मागच्या मागे नवी आवृत्ती उतरवून घेतो आणि डिस्कवर तयार ठेवतो. मेमरीत मात्र जुनाच ब्राउझर चालू राहतो. संगणक रोज नीट बंद होत असेल तर प्रश्न नाही, सकाळी नवा ब्राउझर उघडतो. पण आता संगणक बंद कोण करतं? लॅपटॉपचं झाकण मिटायचं, सकाळी उघडायचं. ऑफिसात स्क्रीन तेवढी काळी करून घरी जायचं. असा ब्राउझर दिवसचे दिवस चालू राहतो. उजव्या कोपऱ्यातली अपडेटची खूण क्रोममध्ये आधी हिरवी असते, मग नारिंगी होते, आठवडा उलटला की लाल. सगळ्यांची नजर तिच्यावरून जाते आणि हात मात्र कुणाचा जात नाही.

का जात नाही, हे कळायला जूनमध्ये दाखल्यांच्या केंद्रात जाऊन बसावं. दहावी-बारावीचे निकाल लागलेले, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, बाहेर पायरीपर्यंत रांग. ऑपरेटर मुलीच्या स्क्रीनवर इतके टॅब की नाव सोडा, नुसती चिन्हंही अर्धी कापलेली. एका टॅबमध्ये अर्धा भरलेला अर्ज, दुसऱ्यात स्कॅन केलेलं रेशनकार्ड, तिसऱ्यात पैसे भरल्याची पावती येण्याची वाट. कोपऱ्यात लाल खूण. मी म्हटलं, "अगं, हे किती दिवस असं आहे?" ती मान वर न करता म्हणाली, "ताई, आत्ता नको. बंद केला की लॉगिन जातं. मग ओटीपी यायला किती वेळ लागेल काय सांगता येत नाही, आणि ही माणसं सकाळपासून थांबलीत."

तिचं म्हणणं खरं होतं. आळस म्हणून ते उडवून लावणारे लोक मी पाहिलेत, आणि मला ते मुळीच पटत नाही. ब्राउझर पुन्हा सुरू केला की टॅब परत येतात, पण अर्ध्या भरलेल्या अर्जातला मजकूर येईलच याची खात्री नसते, आणि इन्कॉग्निटोमध्ये उघडलेलं तर काहीच परत येत नाही. बऱ्याच सरकारी आणि बँकांच्या साइटी ब्राउझर बंद झाला की बाहेर काढतात, आणि सुरक्षेच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. आम्ही एवढंच ठरवलं की दुपारी जेवायला उठताना हातातला अर्ज पुरा करायचा, ब्राउझर पूर्ण बंद करायचा आणि आल्यावर उघडायचा. डबा खाऊन होईतो सगळं जागेवर. त्या केंद्रात आता हे अंगवळणी पडलंय. नियम कामाच्या वेळापत्रकात बसवला तरच टिकतो. भिंतीवर 'अपडेट करा' असा कागद चिकटवून काही होत नाही.

त्याच स्क्रीनवर शेकडो लोकांचे आधार क्रमांक, मोबाईल नंबर, उत्पन्नाचे आकडे दिवसभर ये-जा करत असतात. म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो. जुन्या ब्राउझरचा धोका ऑपरेटरपेक्षा रांगेत उभ्या असलेल्या माणसाला जास्त आहे, आणि त्याला त्या लाल खुणेबद्दल काहीही माहीत नसतं.

ब्राउझर हा संगणकावरचा सगळ्यांत उघड्यावर बसलेला प्रोग्रॅम. टॅली किंवा एक्सेल आपण दिलेली फाइल उघडतात. ब्राउझर मात्र दिवसभर अनोळखी माणसांनी लिहिलेला कोड आणून चालवतो. बातमीचं एक पान उघडलं तरी त्यासोबत जाहिरातवाल्यांचा, मोजणी करणाऱ्यांचा आणि आणखी कुणाकुणाचा कोड येतो. चित्रं, अक्षरांचे फाँट, व्हिडिओ, प्रत्येकासाठी ब्राउझरच्या आत वेगळं यंत्र आहे, आणि त्यातलं बरंचसं सी++ भाषेत लिहिलेलं आहे. या भाषेत मेमरीतली जागा घेणं आणि सोडणं हे लिहिणाऱ्यानंच सांभाळायचं असतं. क्रोम ज्या खुल्या कोडवर बनतो त्या क्रोमियमच्या गटानं २०२० मध्ये आपल्या गंभीर सुरक्षा-चुकांचा हिशेब मांडला, तेव्हा सुमारे ७० टक्के चुका मेमरीच्या या हाताळणीतल्या निघाल्या. त्यांतल्या निम्म्या एकाच जातीच्या होत्या : लॉजची खोली सोडली, पण जुन्या पाहुण्याकडे किल्ली तशीच राहिली. खोली दुसऱ्याला दिली जाते आणि जुनी किल्ली चालतच असते. हल्लेखोर त्या रिकाम्या खोलीत आपलं सामान आणून ठेवतो, आणि प्रोग्रॅम जुन्या किल्लीनं दार उघडून ते आपलंच समजून वापरतो. २०१९ मधलं ते क्रोमचं भोक याच जातीचं होतं.

चुका करणारे लोक अडाणी असतात, असं कुणी समजू नये. २०२३ च्या सप्टेंबरचं प्रकरण मला फार बोलकं वाटतं. १९५२ मध्ये डेव्हिड हफमन यांनी एक निबंध छापला. त्यातली पद्धत त्यांना एमआयटीत शिकत असताना वर्गातल्या कामापोटी सुचली होती. माहिती कमी जागेत कशी मावेल, तर वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड खूण द्यायची आणि क्वचित येणाऱ्याला लांब. इतकी सुंदर आणि साधी पद्धत की सत्तर वर्षांनंतरही आपल्या फोनमधली चित्रं तिच्या जोरावर दाबली जातात. गूगलनं २०१० मध्ये आणलेला वेबपी हा चित्रांचा प्रकारही ती वापरतो. चित्र उलगडताना या खुणांचा तक्ता मेमरीत मांडावा लागतो. तो तक्ता जास्तीत जास्त किती मोठा होईल, याचा हिशेब लिहिणाऱ्यांनी आधीच करून तेवढी जागा राखली होती. नीट बनलेल्या चित्रासाठी तो हिशेब बरोबर होता. पण कुणी मुद्दाम वाकडी रचलेली फाइल दिली, तर तक्ता राखलेल्या जागेबाहेर जायचा आणि शेजारच्या मेमरीवर लिहिलं जायचं. ही चूक कित्येक वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होती. कोड उघडा होता, हजारो लोक तो वापरत होते, आपोआप तपासणी करणारे प्रोग्रॅमही त्यावर चालत होते.

६ सप्टेंबरला ॲपलच्या सुरक्षा गटानं आणि टोरोंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबनं ती गूगलला कळवली. ७ तारखेला ॲपलनं आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढली, कारण सिटिझन लॅबला एका सामाजिक संस्थेत काम करणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये चित्रांच्या वाटेनं पेगॅसस हा हेरगिरीचा प्रोग्रॅम शिरवल्याचं आढळलं होतं. त्या माणसानं कशावर बोटही टेकवलं नव्हतं. ११ तारखेला क्रोमची दुरुस्ती आली, १२ ला फायरफॉक्सची. पुढे ध्यानात आलं की वेबपी उलगडणारा हाच कोड नुसत्या ब्राउझरांत नाही, तर ब्राउझरचंच इंजिन पोटात घेऊन बनवलेल्या कितीतरी ॲपांत आहे. चॅटचे प्रोग्रॅम, पासवर्ड ठेवणारे प्रोग्रॅम, ऑफिसात रोज उघडणारे प्रोग्रॅम. प्रत्येकाला आपापली दुरुस्ती काढावी लागली.

कळवल्यापासून पाच दिवसांत क्रोमची दुरुस्ती जगभर निघाली. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. कुणीतरी एका संशयित फोनमधल्या फायली रात्रंदिवस उकलल्या, कुणीतरी चुकीची ओळ शोधली, कुणीतरी ती बदलून तपासली, आणि ते सगळं फुकट आपल्या दारापर्यंत आणून ठेवलं.

आता या लेखात मला जे सगळ्यांत कळकळीनं सांगायचंय ते. दुरुस्ती जाहीर होते तेव्हा भोकही जाहीर होतं. क्रोमचा बहुतेक कोड क्रोमियम या नावानं सगळ्यांना पाहायला खुला आहे. दुरुस्ती म्हणजे कोडमध्ये झालेला बदल, आणि बदल कुठे झाला ते पाहिलं की चूक कुठे होती हे जाणकाराला कळतं. जिथे कोड खुला नसतो तिथे जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून फरक काढतात, वेळ जास्त लागतो इतकंच. म्हणजे ज्या भोकाची काल मोजक्या लोकांना खबर होती, ते आज कोणाही शिकलेल्या चोराला शोधता येतं. ज्यांनी अपडेट लावलं ते सुटले. ज्यांचं राहिलं त्यांचा धोका काल होता त्यापेक्षा आज वाढला. 'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा' हा आपल्याकडचा शहाणपणा पंख्याला आणि मोटरीला लागू पडतो. ब्राउझर मात्र कुणी हात न लावताही दिवसेंदिवस कमजोर होत जातो, कारण बाहेरच्यांना त्याच्याबद्दल रोज नवं काही कळत असतं.

हे गूगललाही पक्कं ठाऊक आहे. कोडमध्ये दुरुस्ती पडल्यापासून ती लोकांपर्यंत पोचायला पूर्वी सरासरी ३५ दिवस लागायचे. मग दर पंधरवड्याला दुरुस्त्या द्यायला सुरुवात झाली, तेव्हा ते सुमारे १५ दिवसांवर आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ११६ व्या आवृत्तीपासून दर आठवड्याला सुरक्षा-दुरुस्त्या निघू लागल्या. एवढा खटाटोप करून वाचवलेले दिवस आपण लाल खुणेकडे बघत घालवावेत, याचं मला वाईट वाटतं.

भारत सरकारची सर्ट-इन ही संस्था अशा भोकांचे इशारे काढते. ते व्हॉट्सॲपवर फिरत फिरत येतात तेव्हा 'क्रोम वापरणाऱ्यांनो सावधान' एवढंच उरलेलं असतं. मूळ इशाऱ्यात कामाची ओळ असते ती आवृत्तीच्या आकड्याची : अमुक आकड्याच्या आधीचे क्रोम धोक्यात. तो आकडा घ्यावा, क्रोमच्या तीन ठिपक्यांत मदत, आणि तिथे 'गूगल क्रोमविषयी' हे पान उघडावं. हे पान उघडलं की ब्राउझर स्वतःच नव्या आवृत्तीची चौकशी करतो, आणि पुन्हा लाँच करायचं राहिलं असेल तर तसं बटण तिथेच दिसतं. एज आणि फायरफॉक्सलाही असंच पान आहे.

जुन्याला चिकटून राहिल्यानं काय होतं, याचा जगाला धडा मिळाला तो इंटरनेट एक्सप्लोरर ६ मधून. हा ब्राउझर ऑगस्ट २००१ मध्ये आला. स्पर्धक उरला नव्हता, त्यामुळे पुढची आवृत्ती यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. मधल्या पाच वर्षांत जगभरच्या बँकांनी, सरकारी खात्यांनी, कारखान्यांनी आपल्या कामाच्या साइटी त्याच्याच तालावर बांधून टाकल्या. आपल्याकडेही पानाच्या तळाशी 'इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्येच नीट दिसेल' अशी ओळ सर्रास असायची. नंतर नवे ब्राउझर आले, पण कार्यालयांना हलता येईना. डिजिटल सिग्नेचरचं डोंगल लावून टेंडर भरायचं तर एक्सप्लोरर लागायचा, जावाची जुनी आवृत्ती लागायची, आणि सुरक्षेची सेटिंग खाली आणा, अशा सूचना छापील पुस्तिकेतच असायच्या. मी अशी मशीन सांभाळली आहेत. त्यांच्यावर 'अपडेट करू नये' अशी चिठ्ठी लावलेली असे, आणि लावणाऱ्याचा नाइलाज खरा असे.

डिसेंबर २००९ मध्ये गूगल, अडोबी आणि आणखी वीसेक मोठ्या कंपन्यांवर जो हल्ला झाला त्याला ऑरोरा म्हणतात. १२ जानेवारी २०१० ला गूगलनं तो जाहीर केला. चीनमधल्या मानवाधिकार कार्यकर्त्यांच्या जीमेल खात्यांपर्यंत पोचण्याचा तो प्रयत्न होता, असं गूगलनं सांगितलं. आत शिरायची वाट होती इंटरनेट एक्सप्लोररमधलं एक भोक, तेही सोडलेल्या खोलीच्या किल्लीचंच. हल्ला मुख्यतः सहाव्या आवृत्तीवर बेतलेला होता. २००९ च्या मार्चमध्येच आठवी आवृत्ती येऊन बसली होती आणि तिच्यात असा हल्ला बराच अवघड करणारी तटबंदी होती. भोक जाहीर होताच हल्ल्याचा कोडही काही दिवसांत सगळ्यांच्या हाती पडला. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी संस्थांनी लोकांना सांगितलं, दुरुस्ती येईपर्यंत हा ब्राउझर वापरू नका. मायक्रोसॉफ्टनं २१ जानेवारीला, नेहमीचं वेळापत्रक मोडून, दुरुस्ती काढली. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनंच इंटरनेट एक्सप्लोरर ६ संपवण्याची मोहीम काढली. आपलाच ब्राउझर लोकांनी टाकून द्यावा म्हणून!

अपडेटमधून नुसतं भोक बुजतं असंही नाही. कुणावर विश्वास ठेवायचा याची यादीही त्यातून बदलते. पत्त्याच्या बाजूला काही ब्राउझरांत कुलूप दिसतं (क्रोममध्ये ते २०२३ पर्यंत दिसायचं), त्यामागे एखाद्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा शिक्का असतो. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या अशाच कंपनीत घुसखोरी झाली आणि गूगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र बनवलं गेलं. इराणमधल्या लाखो लोकांचं जीमेल मधल्यामध्ये वाचता येईल अशी ती सोय होती. ऑगस्टअखेर इराणमधल्याच एका माणसाला क्रोमनं इशारा दाखवला, कारण क्रोमच्या त्या वेळच्या नव्या आवृत्त्यांत गूगलची खरी प्रमाणपत्रं कुणाची असू शकतात याची नोंद होती. त्यानं त्याबद्दल जाहीरपणे विचारलं आणि प्रकरण फुटलं. सगळ्या ब्राउझरांनी अपडेट काढून डिजिनोटारवरचा विश्वास काढून घेतला. महिन्याभरात कंपनीचं दिवाळं निघालं. ज्यांचा ब्राउझर जुना होता त्यांना मात्र ते कुलूप पुढेही शाबूत दिसत राहिलं असणार.

आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्या माणसांना आवर्जून सांगा. एखादं संकेतस्थळ वाचताना मधेच पानभर सूचना येते, 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, येथे क्लिक करून अपडेट करा'. हे ब्राउझरचं अपडेट नव्हे. चांगल्या, ओळखीच्या संकेतस्थळांत घुसून असं खोटं पान दाखवणाऱ्या टोळ्या बरीच वर्षं चालू आहेत, आणि उतरलेली फाइल उघडली की मशीन त्यांच्या ताब्यात. खरं अपडेट वेबपानाच्या आत कधीच येत नाही. ते ब्राउझरच्या स्वतःच्या पट्टीवर किंवा मेनूत दिसतं, फोनवर प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमध्ये.

राहतात ती माणसं, ज्यांना अपडेट करायचंय पण मिळतच नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला निरोप दिला. क्रोमची १०९ वी आवृत्ती त्यावर चालणारी शेवटची. २०२३ च्या फेब्रुवारीनंतर ती जिथे आहे तिथेच थांबली. आमच्या वाचनालयात असे संगणक होते. स्पर्धा परीक्षेची मुलं त्यांवर अर्ज भरत, निवृत्त मंडळी पेन्शनचं पाहत. नव्या मशीनसाठी पैसे नव्हते, अनुदान कधी येईल सांगता येत नव्हतं. फायरफॉक्सनं जुन्या विंडोजसाठी ११५ व्या आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्त्या देणं चालू ठेवलं होतं, त्यावर काही काळ निभावलं. मग त्याच मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. मराठी टायपिंगचा कळफलक बसवायला आणि जुन्या प्रिंटरची समजूत काढायला वेळ गेला, पण आज तिथला ब्राउझर नव्या लॅपटॉपइतकाच ताजा आहे. ज्यांच्याकडे अशी मशीन असतील त्यांनी ही वाट जरूर पाहावी. मशीन जुनं असलं तरी चालेल, ब्राउझर जुना नको.

फोनच्या बाबतीत ही वाट बहुतेकांना बंद आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या क्रोम १३९ पासून किमान अँड्रॉइड १० लागतं. त्याखालचे फोन अजून खिशाखिशांत आहेत : थोरल्यानं नवा घेतला की जुना आईला, आईचा मग शेतावर. यूपीआय त्यावर, बँकेचे ओटीपी त्यावर. त्या बाईनं अपडेटचं बटण दाबायचं ठरवलं तरी समोर बटणच नाही. इथे वापरणाऱ्याला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून नियम लागू केला आहे की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षं त्याला अपडेट मिळाले पाहिजेत. आपल्याकडे फोनच्या खोक्यावर किंमत असते, आयात कुणी केली ते असतं, तक्रारीसाठी पत्ता असतो. सुरक्षा-अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत मिळणार हे नसतं. दुकानदाराला विचारा, त्याला सांगता येत नाही. गूगल आणि सॅमसंग आपल्या महागड्या मॉडेलांना ७ वर्षं देतात, आणि दहा हजारांच्या फोनला किती, ते कंपनीच्या संकेतस्थळावर खोदून काढावं लागतं. मी हल्ली कुणी फोन घ्यायला सोबत नेलं की कॅमेऱ्याआधी तेवढंच शोधते. पण ग्राहक चळवळीतल्या मंडळींनी हे लावून धरायला हवं : एमआरपीच्या खाली छापील एक ओळ, अपडेट अमुक महिना, अमुक सालापर्यंत.